वेगळी शाळा

भारतातून किंवा इस्राएलमधून आप्तेष्टांचा फोन आला, की प्रकृतीची आणि सणावारांची विचारपूस झाल्यावर एक प्रश्न हमखास येतो: "तिकडचे गोरे लोक आपल्यासारख्यांना कसे वागवतात?" मी सांगतो, चांगले वागवतात. ते खरेही आहे. इतक्या वर्षांत मला येथे कोणी दारातून परत पाठविलेले नाही. परंतु हे उत्तर आजचे आहे. साठ-सत्तर वर्षांपूर्वी याच भागात राहणाऱ्या एखाद्या सावळ्या माणसाला हा प्रश्न विचारला असता, तर उत्तर निराळे आले असते. फोनवर एवढे बोलता येत नाही, म्हणून हे लिहावयास घेतले आहे.

आम्ही राहतो ते पापाकुरा ऑकलंड शहराच्या दक्षिण टोकाला आहे. माओरी भाषेत 'पापा' म्हणजे भूमी आणि 'कुरा' म्हणजे तांबडी. कोकणातल्या माणसाला तांबड्या मातीचे काय नवल! गावातून ग्रेट साउथ रोड नावाचा जुना हमरस्ता आणि आगगाडीची लाइन जाते. शेजारीच ताकानिनी येथे शीख बांधवांचा मोठा गुरुद्वारा २००५ साली उभा राहिला. बाजारात मेथी, कोथिंबीर, ओले खोबरे, सर्व मिळते. शाळा सुटल्यावर रस्त्यावर पाहावे, तर माओरी, सामोअन, पंजाबी, गुजराती, चिनी आणि गोरी मुले घोळक्याने बोलत जाताना दिसतात. नवा आलेला माणूस म्हणेल, येथे कधी भेदाभेद नव्हताच.

२०२३ सालापासून न्यूझीलंडमधील शाळांत या देशाचा स्वतःचा इतिहास शिकविणे आवश्यक करण्यात आले. तोपर्यंत तो शिकवावा की नाही, हे बहुतांशी शाळेवर सोपविलेले असे. माझ्या नातीला तिच्या बाईंनी आपल्या भागाविषयी माहिती जमवून आणावयास सांगितले. आम्ही दोघे पापाकुराच्या वाचनालयात जाऊन बसलो. या वाचनालयाला एव्हरेस्टवीर सर एडमंड हिलरी यांचे नाव आहे, कारण त्यांचे बालपण येथून थोडे दक्षिणेला तुआकाऊ गावी गेले. नातीला वाटले होते, हिलरींवर दोन पाने लिहून काम होईल. पण कपाटातून एक पुस्तक निघाले, त्यातून दुसरे निघाले, आणि तिच्या दोन पानांचा विषय बदलला.

पहिली गोष्ट आमच्या गावचीच निघाली. १९५९ साली डॉक्टर हेन्री बेनेट हे जवळच्या किंगसीट मनोरुग्णालयात काम करीत होते. जातीने माओरी, वडील फ्रेडरिक बेनेट हे अँग्लिकन पंथाचे पहिले माओरी बिशप. असा हा सुशिक्षित, प्रतिष्ठित घरचा माणूस पापाकुरा हॉटेलच्या लाउंजमध्ये बिअर घेण्यासाठी गेला, तेव्हा त्याला सांगण्यात आले की येथे माओरींना देत नाहीत. माओरींनी दुसऱ्या, साध्या बारमध्ये जावे, अशी तेथली रीत होती. डॉक्टरांनी गोष्ट गिळून टाकली नाही. ती वर्तमानपत्रांत आली, देशभर गाजली, आणि खुद्द पंतप्रधान वॉल्टर नॅश यांना तिच्यावर बोलावे लागले. "आमच्या देशात वर्णभेद नाही" असे जगाला सांगणाऱ्या लोकांना त्यामुळे लाज वाटली. पुढे हेच बेनेट मोठ्या रुग्णालयाचे प्रमुख झाले, आणि आज हॅमिल्टन शहरातील मानसिक आरोग्य केंद्राला त्यांचे नाव आहे.

डॉक्टर होते म्हणून ही गोष्ट छापून आली. जे डॉक्टर नव्हते, शेतात बटाटे वेचणारे होते, त्यांचे काय? ते पाहण्यासाठी पापाकुराहून पुढे पुकेकोहेला जावे लागते. सुमारे वीस किलोमीटरचे अंतर. पूर्वी पापाकुराला गाडी बदलून डिझेलच्या गाडीत बसावे लागे. २०२५ पासून विजेची गाडी थेट जाते.

पुकेकोहेची जमीन ज्वालामुखीची, लोण्यासारखी मऊ. कांदा आणि बटाटा यांसाठी ती साऱ्या देशात प्रसिद्ध आहे. एका टिकाऊ कांद्याच्या जातीला गावाचेच नाव आहे. ही जमीन मूळची कोणाची, हे थोडक्यात सांगितल्यावाचून पुढचे समजणार नाही. जुलै १८६३ मध्ये गव्हर्नर ग्रे यांनी या भागातील माओरींना फर्मावले, की राणीशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घ्या, नाहीतर घरेदारे सोडून दक्षिणेला निघून जा. लगेच सैन्य घुसले. ज्यांच्या नावावरून आमच्या शेजारचे ताकानिनी ओळखले जाते ते इहाका ताकानिनी, त्यांची पत्नी, मुले आणि वृद्ध वडील यांना पापाकुराजवळ पकडण्यात आले. गुन्हा दाखल नाही, चौकशी नाही. वडील आणि दोन मुले कैदेतच दगावली. इहाका स्वतः १८६४ साली राकिनो बेटावर नजरकैदेत वारले. पुकेकोहे ईस्ट येथील लहानशा चर्चमध्ये सप्टेंबर १८६३ मध्ये चकमक झाली. गोळ्यांची भोके आजही तेथे दाखवितात. युद्धानंतर वायकाटो भागातील सुमारे बारा लाख एकर जमीन सरकारजमा झाली. याबद्दल वायकाटो-ताइनुई जमातीशी सरकारचा समझोता १९९५ साली झाला, आणि त्या कायद्यावर राणी एलिझाबेथ यांनी जातीने येऊन सही केली. म्हणजे मधे एकशे बत्तीस वर्षे गेली.

जमीन गेली की माणूस मजूर होतो. आपल्या कोकणात हे कोणाला सांगावयास नको. विसाव्या शतकाच्या आरंभी माओरी कुटुंबे दूरदूरहून पुकेकोहेच्या भाजीच्या मळ्यांत मजुरीला येऊ लागली. मळे गोऱ्यांचे होते, चिनी लोकांचे होते, आणि आपल्या हिंदी लोकांचेही होते. हे हिंदी लोक बहुधा नवसारी-सुरतकडील गुजराती आणि जालंधर-होशियारपूरकडील पंजाबी. जमीन खंडाने घ्यायची, बायकामुलांसकट राबायचे आणि स्वस्तात भाजी विकायची, हा त्यांचा धंदा. गोऱ्या बागायतदारांना ही चढाओढ नकोशी झाली. १९२५-२६ साली पुकेकोहे येथेच 'व्हाइट न्यूझीलंड लीग' नावाची संघटना निघाली. आशियाई लोकांना जमीन देऊ नये, नव्यांना देशात येऊ देऊ नये, हा तिचा कार्यक्रम. १९२० च्या कायद्याने परदेशी लोकांना येण्यासाठी मंत्र्याच्या परवान्याची अट घातलेली होतीच. लीगला तीही पुरेशी वाटत नव्हती. हिंदी लोकही स्वस्थ बसले नाहीत. १९२६ साली निरनिराळ्या ठिकाणच्या मंडळांनी एकत्र येऊन न्यूझीलंड इंडियन सेंट्रल असोसिएशन स्थापन केली, ती आजही चालू आहे.

१९२९ साली सरकारने एक चौकशी समिती नेमली. विषय काय, तर चिनी आणि हिंदी मळेवाल्यांकडे काम करणाऱ्या माओरींची स्थिती. समितीचे लक्ष माओरी स्त्रिया आणि आशियाई पुरुष यांच्या संबंधांवर अधिक होते. माओरी मजूर झोपतात कोठे, हा प्रश्न त्यामानाने कमी टोचला. ते झोपत होते पत्र्याच्या आणि गोणपाटाच्या खोपटांत, काही ठिकाणी खत ठेवण्याच्या शेडमध्ये. नळ नाही, संडास नाही, जमिनीवर ओल. अशा जागी मुले जगतील कशी? समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट बार्थोलोम्यू यांनी मृत्यूच्या जुन्या नोंदी तपासून २०२० साली 'नो माओरी अलाउड' हे पुस्तक प्रसिद्ध केले. १९२५ पासून पुढच्या साडेतीन दशकांत या एका लहान गावात दोनशेहून अधिक माओरी मुले टाळता येण्यासारख्या आजारांनी गेली, असे त्यांनी दाखविले आहे. बहुतेक आजार कोंदट, ओल्या, गर्दीच्या घरांतून आलेले.

हे वाचताना माझ्या नातीने विचारले, "आजोबा, मळा आपल्या इंडियन माणसाचा असला तरी खोपट तसेच?" मी म्हटले, हो, तसेच. ज्याला लीगवाले शिव्या देत होते, तोही आपल्या मजुराला बरे छप्पर देत होता असे नाही. अपमान सोसल्याने माणूस आपोआप दयाळू होतो, असे मला तरी आढळलेले नाही.

आता गावाची रीत पाहा. सिनेमागृहात माओरींनी खाली बसायचे. वरची बाल्कनी गोऱ्यांसाठी. न्हावी माओरींचे केस कापीत नसत. हॉटेलांत प्यायला वेगळी जागा. पोहण्याच्या तलावात माओरी मुलांना शुक्रवार तेवढा मोकळा, कारण त्यानंतर पाणी बदलीत. हिंदी लोकांचीही तीच कथा. १९५० नंतरही कित्येक वर्षे त्यांना न्हावी परत पाठवी, बाल्कनीचे तिकीट मिळत नसे, आणि बागायतदारांच्या स्थानिक संघात त्यांना सभासद करून घेत नसत. यातले काहीच कायद्याच्या पुस्तकात लिहिलेले नव्हते. अमेरिकेच्या दक्षिणेत पाट्या लावलेल्या असत. येथे पाटीची गरज पडत नसे, कारण आपली जागा कोणती ते सगळ्यांना ठाऊक असे.

शाळेत मात्र पंचाईत झाली, कारण शाळा सर्वांना सक्तीची. माओरी मुले ओल्या खोपटातून अनवाणी, खरजेने पिडलेली, खोकत वर्गात येत. गोऱ्या पालकांनी तक्रारी चालविल्या: ही मुले घाण आहेत, रोग आणतात, आमच्या मुलांपासून दूर ठेवा. कोणी असे म्हटले असते, की त्यांच्या घरांना नळ आणि लाकडी जमीन द्या, तर खरूज आणि खोकला दोन्ही गेले असते. त्यापेक्षा मुलांना दूर करणे सोपे होते. १९५२ साली 'पुकेकोहे माओरी स्कूल' उघडण्यात आले.

येथे एक खुलासा करतो. न्यूझीलंडमध्ये १८६७ च्या कायद्याने माओरी वस्त्यांत 'नेटिव्ह स्कूल' नावाच्या सरकारी शाळा काढलेल्या होत्या. १९४७ नंतर त्यांना माओरी शाळा म्हणू लागले. त्या खेड्यापाड्यांत होत्या आणि आसपासची गोरी मुलेही तेथे जाऊ शकत. तेथे माओरी भाषा बोलल्याबद्दल मुलांना पट्ट्याचा मार बसे, हा भाग वेगळा. परंतु ज्या गावात सर्वांची एक शाळा चालू आहे, त्या गावात माओरी मुलांना बाजूला काढण्यासाठी दुसरी बांधली, अशी ही देशातील एकमेव शाळा मानतात.

आमच्या रस्त्यावर एक वृद्ध माओरी बाई राहतात. येथील रिवाजाप्रमाणे सगळे त्यांना आँटी म्हणतात, आम्हीही म्हणतो. त्या या शाळेच्या पहिल्या मुलांपैकी. नातीने त्यांना विचारले, "आँटी, शाळा वाईट होती का?" आँटी म्हणाल्या, "नाही ग. इमारत नवीन होती. शिक्षक प्रेमळ होते, आम्हांला गाणी म्हणू देत. वाईट काही नव्हते. पण ती कशासाठी बांधली, ते आम्हां पोरांना ठाऊक होते." एवढे बोलून त्यांनी बिस्किटांचा डबा पुढे केला. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच ते वाक्य माझ्या मनात अधिक रुतून बसले.

नातीच्या बाईंनी सुचविले, की जगात इतरत्र असे काय घडले तेही पाहावे. तेव्हा आम्ही अमेरिकेकडे वळलो. दक्षिणेतल्या गुलामगिरीविषयी आपण ऐकून असतो; मला धक्का बसला तो उत्तरेतल्या लहान, देवभिरू गावांचा. कनेक्टिकट राज्यात कँटरबरी नावाच्या गावी प्रुडेन्स क्रँडल नावाची शिक्षिका मुलींची शाळा चालवीत असे. १८३२ साली सारा हॅरिस या कृष्णवर्णीय मुलीने प्रवेश मागितला आणि तिने दिला. गोऱ्या आईबापांनी आपापल्या मुली काढून घेतल्या. बाईने माघार घेतली नाही; १८३३ मध्ये तिने शाळा कृष्णवर्णीय मुलींसाठीच चालू केली. त्याबरोबर राज्याने असा कायदा केला, की राज्याबाहेरच्या कृष्णवर्णीय मुलांना गावाच्या संमतीवाचून शिकवू नये. बाईला एक रात्र तुरुंगात काढावी लागली. शाळेच्या विहिरीत शेण टाकले. शेवटी सप्टेंबर १८३४ मध्ये रात्री जमावाने येऊन घराच्या खिडक्या फोडल्या, आणि मुलींच्या जिवाच्या भीतीने बाईने शाळा बंद केली.

पुढच्याच वर्षी न्यू हॅम्पशरमध्ये कॅनन गावी याहून विलक्षण प्रकार झाला. तेथील नॉइज ॲकॅडमीत गोरी आणि कृष्णवर्णीय मुले एकत्र शिकू लागली होती. ऑगस्ट १८३५ मध्ये गावकऱ्यांनी बैलांच्या कितीतरी जोड्या आणल्या, शाळेच्या लाकडी इमारतीला साखळदंड बांधले आणि अख्खी इमारत पायावरून ओढून नेली. त्या शाळेतून पळ काढावा लागलेल्या मुलांत हेन्री हायलंड गार्नेट आणि अलेक्झांडर क्रमेल हे दोघे होते. पुढे दोघेही नामांकित धर्मोपदेशक आणि आपल्या लोकांचे पुढारी झाले.

विहिरीतले शेण वाचून मला पुणे आठवले. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली, तेव्हा शाळेत जाणाऱ्या सावित्रीबाईंच्या अंगावर लोक शेणच टाकीत. आणि याच जोतीरावांनी १८७३ साली आपले 'गुलामगिरी' हे पुस्तक कोणाला अर्पण केले? गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना. पुण्याच्या माणसाला तेव्हा अमेरिका जवळची वाटली, तर आपल्याला पुकेकोहे दूर का वाटावे?

तलावाचे पाणी वाचले तेव्हा मात्र मला पुण्याहून जवळचे गाव आठवले. महाड. आपले अलिबाग, पेण, रेवदंडा ज्या कुलाबा जिल्ह्यात, त्याच जिल्ह्यातले महाड. तेथील चवदार तळे सर्वांना खुले करण्याचा ठराव नगरपालिकेने १९२४ सालीच केला होता. तो कागदावर राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉक्टर आंबेडकर यांनी हजारो लोकांसह जाऊन त्या तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर परत निघालेल्या लोकांना गावकऱ्यांनी मारझोड केली, आणि दही, दूध, गोमूत्र, शेण यांच्या घागरी ओतून तळे 'शुद्ध' केले. तळ्यावरील हक्काचा निकाल मुंबई उच्च न्यायालयात लागेपर्यंत १९३७ साल उजाडले. पुकेकोहेत शुक्रवारनंतर पाणी बदलीत, महाडला घागरी ओतल्या. डॉक्टर आंबेडकर लहानपणी साताऱ्याच्या शाळेत घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसत आणि शिपाई नळ उघडील तेव्हाच पाणी पीत, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. म्हणजे एकाच शाळेत बसवूनही वेगळी शाळा करता येते.

नातीने मग जो प्रश्न विचारला, त्याच्यासाठी खरे म्हणजे हा लेख लिहीत आहे. ती म्हणाली, "आजोबा, आपण असतो तर कुठे बसलो असतो? वर की खाली?"

मी विचार करून सांगितले, पुकेकोहेत खाली. आपला वर्ण पाहून तिकीटवाल्याने दुसरे काही विचारले नसते. महाडला मात्र आपण वर. चवदार तळ्यावर परधर्मीयांना मज्जाव नव्हता. 'शनवार तेली' म्हणून ओळखला जाणारा आपला माणूस तेथे घागर बुडवू शकला असता, आणि शेजारी उभा असलेला महार तहानलेला राहिला असता. माणूस तोच, घागर तीच; गाव बदलले की जागा बदलते. त्यात माणसाच्या गुणाचा काही संबंध नाही, हे आपल्यासारख्या दोन्ही जागी बसलेल्या समाजाला इतरांपेक्षा लवकर कळावयास हवे.

कळते का? माझी आजी पेणची. तिच्या बोलण्यात 'गोरे इस्राएल' आणि 'काळे इस्राएल' हे शब्द सहज येत, जसे आपण उजवा-डावा म्हणतो तसे. दोघांचा धर्म एक, शब्बाथ एक, मलिद्याचे ताट एक. पण बेटीव्यवहार नाही. आज हा भेद राहिलेला नाही, तरुणांना तर शब्दही ठाऊक नाहीत. आणि ज्या समाजाने घरात असे केले, त्याच समाजाला १९६२ साली इस्राएलमध्ये दाराशी उभे राहावे लागले. बेने इस्राएल वधूवरांच्या पूर्वजांची चौकशी केल्याशिवाय लग्न लावू नये, असा नियम तेथील रब्बींच्या मंडळाने काढला. आपल्या लोकांनी जेरुसलेमला ठाण मांडले, आणि ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेटने आपण सर्व बाबतींत समान आहोत असे जाहीर केल्यावर नियम बदलला. तो लढा आपण अभिमानाने सांगतो, आणि सांगावाच. त्याच्या शेजारी आजीचे ते दोन शब्दही सांगावेत, एवढेच माझे म्हणणे.

कोणी म्हणेल, वेगळी शाळा आपलीही होतीच की. होती. १८७५ साली हाइम सॅम्युएल केहीमकर यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत इस्राएली शाळा काढली. पुढे ती सर एली कदूरी स्कूल म्हणून माझगावला नावारूपाला आली. तेथे हिब्रू शिकवीत, सणांच्या सुट्ट्या मिळत, आणि गरिबांच्या मुलांना आपुलकीने सांभाळीत. मग पुकेकोहेच्या शाळेत आणि आपल्या शाळेत फरक कोणता? मला तो दाराच्या कडीत दिसतो. आपल्या शाळेची कडी आतून होती. ज्यांची मुले, त्यांनीच ती शाळा मागितली, त्यांनीच वर्गणी जमविली. ज्याला दुसरीकडे जायचे तो जाऊ शके, आणि काळ बदलला तशी ती शाळा सर्व धर्मांच्या मुलांना उघडली. पुकेकोहेच्या शाळेची कडी बाहेरून घातलेली होती.

माओरींनी हा फरक पुढे स्वतःच करून दाखविला. १९८२ साली त्यांच्या आज्या-मावश्यांनी लहान मुलांसाठी 'कोहांगा रेओ', म्हणजे भाषेची घरटी, सुरू केली. १९८५ मध्ये माओरी माध्यमाची पहिली शाळा पश्चिम ऑकलंडमध्ये निघाली. १९८७ साली माओरी ही देशाची अधिकृत भाषा झाली. तीही वेगळीच शाळा. पण मुलांना ती कशासाठी बांधली ते ठाऊक असते, आणि ते ठाऊक असल्याने त्यांची मान वर होते.

पुकेकोहेतील माओरी शाळा १९६६ साली सर्वांसाठी खुली झाली आणि 'पुकेकोहे हिल स्कूल' या नावाने आजही चालते. १९६९ मध्ये देशातील उरलेल्या माओरी शाळा सर्वसाधारण शिक्षण मंडळांकडे गेल्या. १९७१ च्या कायद्याने न्हाव्याला किंवा हॉटेलवाल्याला वर्ण पाहून माणूस परत पाठविणे बेकायदेशीर झाले. गेल्या उन्हाळ्यात आम्ही आँटींना घेऊन गाडीने पुकेकोहेला गेलो. रस्त्याच्या कडेला कांद्याच्या लाल गोण्या रचलेल्या होत्या. आँटींनी एक गोणी घेतली, भावात घासाघीस केली, आणि दुकानदार गुजराती बाईंशी हवापाण्याच्या गप्पा मारल्या. जुन्या गोष्टींचा विषय दोघींनीही काढला नाही. नातीने मात्र आपल्या वहीत गोणीचा भाव लिहून घेतला, आणि खाली लिहिले, "आँटी इथे खाली बसत. त्यांना आजही वरच्या खुर्च्यांचा रंग माहीत नाही."

वाचकांना माझी एक विनंती आहे. आपल्यातील ज्या वडीलधाऱ्यांनी इस्राएली शाळेत, अलिबागच्या किंवा पेणच्या शाळेत, बिरशेबाच्या वस्तीत दिवस काढले, त्यांना नातवंडांनी विचारावे: तुम्ही कोठे बसत होता, तुमच्या शेजारी कोण बसत असे, आणि कोणाला बसू देत नसत? उत्तरे लिहून ठेवावीत. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळण्यास थोडा वेळ लागेल. तेवढा वेळ थांबावे.